नर्सरीपूर्वीची पहिली तयारी : शी-शूची सवय



प्रवेशाच्या दिवसांत पालक आम्हाला अंक, कविता, रंग यांविषयी विचारतात. एक प्रश्न मात्र जाता-जाता, दारापाशी थांबून, हळूच विचारला जातो, "मॅडम, हा अजून सांगत नाही. चालेल ना?"

चालेल. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. साधारणपणे दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान मुलांना शी-शू लागल्याचे कळू लागते. कोणाला लवकर, कोणाला उशिरा. रात्री अंथरूण ओले होणे तर पाच वर्षांपर्यंतही सामान्य आहे.

पूर्वी आजी बाळाला दोन पायांवर बसवून 'शूऽ शूऽ' करीत असे. ती वेळ बरोबर सांभाळत असे. आता डायपर आले. प्रवासात त्यांची सोय होते, पण ओलेपणा फारसा जाणवत नाही, म्हणून मूल सांगतही नाही.

मूल दोन तास कोरडे राहत असेल, शी करण्यासाठी पडद्यामागे लपत असेल, स्वतः चड्डी खाली ओढत असेल, तर ते तयार आहे असे समजावे. आपल्या इंदूरचा उन्हाळा यासाठी उत्तम. कपडे कमी आणि वाळतातही लवकर. दिवसा डायपर बंद करावा. जेवणानंतर पोट आपोआप हालचाल करते, तेव्हा मुलाला पाच मिनिटे बसवावे. पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवावा. झाले तर शाबासकी, नाही झाले तर उठू द्यावे. मुलींना पुढून मागे धुण्याची सवय लावावी, म्हणजे संसर्ग टळतो.

पण मूल बसायलाच तयार नसेल तर? आमचाच एक अनुभव सांगतो. नर्सरीतला एक मुलगा शाळेत शू दाबून बसायचा आणि घरी पोहोचेपर्यंत कपडे ओले व्हायचे. आम्ही त्याला हट्टी समजलो. वर्गात सर्वांसमोर "एवढा मोठा झालास!" असेही म्हटले गेले. ही आमची चूक होती. त्यानंतर त्याने शीदेखील दाबायला सुरुवात केली आणि शेवटी डॉक्टरांकडे न्यावे लागले. खरे कारण आमच्या मावशींनी शोधले. त्याला अंधाराची आणि फ्लशच्या आवाजाची भीती वाटत होती. मावशी दिवा लावून दारात उभ्या राहू लागल्या, तो बाहेर आल्यावरच फ्लश करू लागल्या. काही आठवड्यांत तो आपणहून जाऊ लागला.

शी दाबली की ती आत सुकून कडक होते. मग दुखते आणि दुखते म्हणून मूल आणखी दाबते. कधी कडक शीच्या बाजूने पातळ शी झिरपते आणि आपल्याला जुलाब वाटतात. अशा वेळी रागावणे व्यर्थ आहे, बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. लघवीला जळजळ होत असेल, किंवा कोरडे राहणारे मूल अचानक ओले करू लागले, खूप तहान लागत असेल, तरीही लगेच दाखवावे.

काही पालक शाळेच्या भीतीने मुलाचे पाणीच कमी करतात. कृपया असे करू नये. त्याने बद्धकोष्ठ वाढते, शिवाय ऊन बाधते. पाणी, फळे, भाजी भरपूर द्यावी.

आणखी एक विनंती. घरी आपण 'शू' म्हणता, 'सूसू' की 'पॉटी', ते प्रवेशाच्या फॉर्मवर जरूर लिहावे. आमच्या काही मावशी हिंदीभाषी आहेत. मुलाचा शब्द समजला नाही तर चूक मुलाची नसते. इलास्टिकची चड्डी घालावी, बेल्ट-बटणे नकोत. दप्तरात कपड्यांचा एक जोड ठेवावा.

मोठ्या वर्गांतील दादा-तायांनो, कोणा लहानग्याचे कपडे ओले झाले तर हसू नका. त्याचा हात धरून मावशींकडे न्या. आपणही त्याच वाटेने आलो आहोत.

विश्वस्त मंडळास नम्र निवेदन, की शिशुवर्गाच्या शौचालयात चांगला उजेड, लहान आसन आणि खाली बसवलेला नळ, एवढी सोय या सत्रापूर्वी व्हावी. खर्च फार नाही, पण मुलाची भीती जाते.

जूनमध्ये मूल पूर्ण तयार नसले तरी निःसंकोच पाठवावे. उरलेले आपण मिळून शिकवू. लेखनात चूकभूल असल्यास क्षमा असावी.