ताप गेला, तरी नजर तपासा

पावसाळ्यात घरोघरी तापाचे रुग्ण असतात. ताप उतरला, तोंडाला चव आली, की आजार संपला असे समजून आपण कामाला लागतो. परंतु काही जणांना ताप गेल्यानंतर साधारणपणे दोन ते चार आठवड्यांनी एक वेगळाच त्रास सुरू होतो. अंधूक दिसते, नजरेच्या मधोमध डाग येतो, सरळ ओळी वाकड्या भासतात. "तापाचा अशक्तपणा आहे, टॉनिक घे" असे घरचे म्हणतात आणि मोलाचे दिवस निघून जातात.

हा अशक्तपणा नसून दृष्टिपटलाचा दाह असू शकतो. डॉक्टर त्यास 'रेटिनायटिस' म्हणतात. जुन्या कॅमेऱ्यात जशी फिल्म, तसे डोळ्याच्या आत मागच्या बाजूस दृष्टिपटल असते. त्याच्या मध्यभागी असलेल्या पीतबिंदूमुळे आपण अक्षरे वाचतो, चेहरे ओळखतो. तेथे सूज आली, पांढरे चट्टे उठले किंवा रक्तस्राव झाला, की नजर मंदावते. डोळा बहुधा लाल होत नाही, दुखतही नाही. म्हणूनच हा विकार लक्षात येत नाही.

डेंग्यू, चिकुनगुन्या, विषमज्वर म्हणजे टायफॉईड, तसेच गोचीड व चिगर माइट यांच्या चाव्यातून होणारे रिकेट्सिया गटाचे ताप यांनंतर हा दाह आढळतो. उष्ण व दमट प्रदेशात डास, गोचीड यांची वाढ जोमाने होते, म्हणून तेथे हा प्रश्न अधिक आहे. रोगजंतूंशी लढताना शरीराची प्रतिकारशक्ती डोळ्यातील पेशींनाही इजा करते, हे त्याचे एक कारण मानले जाते. काही वेळा जंतूही थेट दृष्टिपटलापर्यंत पोचतात.

आपल्याकडे १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे चिकुनगुन्याची साथ आली होती. पुढे तीन दशके हा रोग जवळजवळ विस्मृतीत गेला. २००५ मध्ये तो परतला आणि २००६ मध्ये देशात सुमारे १४ लाख संशयित रुग्ण नोंदले गेले. त्यानंतर दक्षिण भारतातील नेत्रतज्ज्ञांनी अशा रुग्णांच्या डोळ्यांतील बदलांचे सविस्तर वर्णन केले.

बाहुली मोठी करणारे थेंब घालून डॉक्टर आतला पडदा तपासतात. गरजेनुसार ओ.सी.टी. व रक्ततपासणी करतात. रिकेट्सियाची शंका असल्यास डॉक्सिसायक्लिन देतात. सूज कमी करण्यासाठी काहींना स्टेरॉईड द्यावे लागते. मात्र असेच दिसणारे इतर जंतुसंसर्गही असतात आणि त्यांत चुकीच्या वेळी दिलेले स्टेरॉईड घातक ठरते. त्यामुळे दुकानातून परस्पर औषध आणू नये. योग्य उपचारांनी बहुतेकांची नजर बऱ्याच अंशी सुधारते. पण काहींच्या नजरेत कायमची उणीव राहते.

एक चांगला डोळा दुसऱ्याची उणीव झाकतो, हे ध्यानात ठेवावे. म्हणून तापानंतर महिनाभर, दर दोन-तीन दिवसांनी, एक डोळा तळहाताने झाकून दुसऱ्याने पासबुकातील आकडे वाचावेत, खिडकीचे गज सरळ दिसतात का ते पाहावे. मग दुसरा डोळा. फरक जाणवला तर लगेच नेत्रतज्ज्ञांकडे जावे आणि नुकताच ताप येऊन गेल्याचे न विसरता सांगावे.

विद्यार्थ्यांनी आपल्या घरातील वडीलधाऱ्यांची एवढी तपासणी केली, तरी या लेखाचे सार्थक झाले असे मी समजेन.