प्रार्थनेची बोली

दिवेलागणीस सहकुटुंब प्रार्थना, हा आमच्या घरचा जुना परिपाठ. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बीदर म्हैसूर राज्यात आले. पुढे घरातील मुलांची शाळा कानडी झाली, भजने मात्र रेव्हरंड ना. वा. टिळकांचीच राहिली.

परवा कन्येने शास्त्रपाठ कानडीतून वाचावयास घेतला. आम्ही तिला मध्येच अडविले. ती हिरमुसली. आमच्या सौ. हळूच म्हणाल्या, “देवाला कानडी कळत नाही का?”

आम्ही निरुत्तर झालो. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा. त्या घराने पाच वर्षे धीर धरला. आम्हांस पाच मिनिटेही धरवला नाही.

आता शास्त्रपाठ कानडीत, भजन मराठीत होते. ‘आमेन’ मात्र सारे एकदमच म्हणतो.