अपघातानंतरचे सहा महिने

रस्त्यावरील अपघातात माणूस जायबंदी झाला की घरच्यांचे चित्त प्रथम त्याच्या प्राणाकडे आणि मग इस्पितळाच्या खर्चाकडे लागते. नुकसानभरपाईचे पाहू प्लॅस्टर निघाल्यावर, असे म्हटले जाते. कायद्याने घालून दिलेली मुदत मात्र अपघाताच्या दिवसापासूनच मोजली जाते. मोटार वाहन कायद्याच्या १६६ व्या कलमान्वये भरपाईचा अर्ज सहा महिन्यांच्या आत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे दाखल करावा लागतो. १९९४ साली ही मुदत काढून टाकण्यात आली होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती परत आणली आणि १ एप्रिल २०२२ पासून ती अंमलात आली. मधल्या काळात ‘अपघाताच्या दाव्याला मुदत नसते’ हा समज रूढ झाला, तो अद्याप पुष्कळांच्या मनातून गेलेला नाही. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले हे खरे. तथापि तेवढ्या भरवशावर स्वस्थ बसणे धोक्याचे होय.

दुसरा गैरसमज ठिकाणाविषयी आहे. बेळगावचा एखादा सुतार कोल्हापूरजवळ मोटारीखाली सापडला, अथवा इंदूरचा प्रवासी धुळ्यानजीक जखमी झाला, तर दर तारखेस तिकडे खेटे कोण घालणार, या धास्तीने दावाच सोडून दिला जातो. वस्तुतः अपघात जेथे घडला तेथे, अर्जदार जेथे राहतो वा व्यवसाय करतो तेथे, किंवा प्रतिवादी जेथे राहतो तेथे, यांपैकी कोठेही अर्ज करण्याची मुभा कायद्यानेच दिली आहे. फिर्याद व पंचनाम्याच्या नकला मात्र अपघातस्थळाच्या पोलीस ठाण्यातूनच आणाव्या लागतात. कागद एका राज्याच्या भाषेतला आणि न्यायाधिकरण दुसऱ्या राज्यातले, म्हणून भाषांतराची तजवीज आधीच केलेली बरी. सीमाभागातील मंडळींना हे सांगावयास नकोच!

पोलिसांनी पाठविलेला अपघाताचा अहवाल हाच अर्ज समजावा, असेही कायदा म्हणतो. परंतु तो खरोखर पोहोचला की नाही, याची चौकशी घरच्या कोणीतरी करावी.

इस्पितळातील पहिल्या नोंदीकडे सहसा कोणाचेच लक्ष नसते. गडबडीत तेथे ‘पडल्याने दुखापत’ एवढेच लिहिले गेले, तर पुढे विमा कंपनीचा वकील नेमके त्याच शब्दांवर बोट ठेवतो. मोटारीची धडक बसली हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. गाडीचा क्रमांक, साक्षीदारांचे पत्ते, औषधांच्या पावत्या हे सारे एका पिशवीत जपावे.

भरपाईचा आकडा ठरतो तो मुख्यतः कमाईवरून. येथे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली केलेला खुलासा फार मोलाचा आहे. शरीराचे अपंगत्व आणि कमाईची हानी या दोन निराळ्या गोष्टी होत. डावा हात तुटला तर वैद्यकीय दाखल्यात अपंगत्व ६० टक्क्यांच्या आसपास लिहिले जाईल. पण ती व्यक्ती सुतार वा गाडीचालक असेल तर तिची कमाई जवळजवळ शंभर टक्के बुडते, आणि सरकारी कारकुनाची नोकरी कदाचित टिकूनही राहते. म्हणून बेळगावच्या त्या सुताराने नुसत्या दाखल्यावर विसंबू नये. आपण कोणते काम करीत होतो आणि आता त्यातले काय करता येत नाही, हे त्याने गिऱ्हाइकांच्या साक्षीने, हिशेबाच्या वहीने, बँकेच्या पासबुकाने दाखवावे. पगारपत्रक नाही म्हणजे कमाईच नाही, असे होत नाही.

झटपट तडजोडीचा मोह खरा घातक. चालकाची चूक सिद्ध न करताही १६४ व्या कलमाखाली मृत्यूबद्दल पाच लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये मिळण्याची तरतूद आहे. ही तरतूद उपकारकच. परंतु विमा कंपनीमार्फत ती रक्कम एकदा स्वीकारली की न्यायाधिकरणापुढील मोठा दावा रद्द होतो. हाताची बोटे पुन्हा वळतील की नाही हे डॉक्टरांनाच उमगले नसताना सही करणे म्हणजे उरलेल्या आयुष्याची कमाई अंदाजाने विकणे होय. कोऱ्या कागदावर तर अंगठाही देऊ नये.

धडक देणारी गाडी सापडलीच नाही, तर मृत्यूबद्दल दोन लाख व गंभीर दुखापतीबद्दल पन्नास हजार रुपये सरकारी योजनेतून मिळतात. हा अर्ज मात्र न्यायाधिकरणाकडे नव्हे, तर अपघात घडला त्या भागातील दावा चौकशी अधिकाऱ्याकडे, म्हणजे बहुधा प्रांत अथवा तहसीलदार कचेरीत, द्यावयाचा असतो.