सच्छिद्र फरसबंदी आणि पाणी जिरण्याचे मापन

पाणी पृष्ठभागातून आत शिरणे आणि आतल्या थरांतून खाली उतरत जाणे या दोन भिन्न क्रिया होत. मराठीत पहिलीस 'जिरणे' व दुसरीस 'झिरपणे' म्हणून त्या वेगळ्या राखता येतात; मापनात मात्र त्यांची गल्लत होते, आणि मग पहिल्याच मोठ्या पावसात फरसबंदीखाली पाणी तुंबते.

सच्छिद्र काँक्रीटसाठी २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी प्रमाणपद्धतीत ३०० मिलिमीटर व्यासाचे कडे पृष्ठभागावर लुकणाने पक्के बसवितात. प्रथम ३.६ किलोग्रॅम पाण्याने जागा भिजवितात. ते तीस सेकंदांच्या आत जिरले तर मुख्य चाचणीस १८ किलोग्रॅम, अन्यथा पुन्हा ३.६ किलोग्रॅमच पाणी, पातळी १० ते १५ मिलिमीटर राखून, ओततात. लागलेल्या वेळावरून वेग निघतो. रंध्रे धुळीने बुजली आहेत काय, याचे उत्तर त्यातून मिळते. खडीखालच्या मातीविषयी तो मूक असतो.

त्या मातीसाठी दुहेरी कडे योजतात. बाहेरच्या, ६० सेंटिमीटरांच्या, कड्यातील पाणी आडव्या प्रवाहास आवर घालते, त्यामुळे आतल्या, ३० सेंटिमीटरांच्या, कड्यातील पाणी बव्हंशी सरळ खाली जाते. दख्खनच्या काळ्या मातीत येथेही पहिली नोंद फसवी ठरते: उन्हाळ्यातील भेगा पाणी गिळतात, माती फुगली की वेग कोसळतो. बारीक मातीखाली भरड वाळू असल्यास वेग वाढावा, ही अपेक्षाही चुकते; वरची माती जवळजवळ संपृक्त होईपर्यंत केशाकर्षण पाण्यास वरच धरून ठेवते. म्हणून खडी पसरण्यापूर्वी, पायाच्या पातळीवरच कडी बसवून, वेग स्थिरावेपर्यंत नोंदी घ्याव्या लागतात.