छायाचित्र-कोलाज

छायाचित्र-कोलाज हा मिश्र माध्यम कलेचा एक प्रकार आहे. यात छायाचित्रे किंवा त्यांचे तुकडे कागद, कापड, धागा, रंग, हस्ताक्षर अशा अन्य साहित्याबरोबर एकाच पृष्ठभागावर चिकटवून नवे चित्र तयार केले जाते. ‘कोलाज’ हा शब्द ‘चिकटवणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आला आहे. महागडी साधने लागत नसल्याने हा प्रकार घरीही केला जातो व तेथे कुटुंबातील जुनी छायाचित्रे हे मुख्य साहित्य असते. अशा छायाचित्राची बहुधा एकच प्रत शिल्लक असते. त्यामुळे मूळ छायाचित्र न कापता त्याच्या प्रतीवर काम करणे आवश्यक ठरते.

इतिहास

१८५४ साली आंद्रे दिस्देरी याने पॅरिसमध्ये ‘कार्त द व्हिझित’ या लहान आकाराच्या छायाचित्रांचे पेटंट घेतले. एकाच काचेवर अनेक प्रतिमा घेता येत असल्याने छायाचित्रे स्वस्त झाली. १८६० व १८७० च्या दशकांत ब्रिटनमधील उच्चवर्गीय स्त्रियांनी आप्तेष्टांच्या अशा छायाचित्रांतील चेहरे कापून ते जलरंगांत रंगवलेल्या पंख्यांवर, पक्ष्यांवर आणि दिवाणखान्यांच्या दृश्यांत चिकटवले व आपले अल्बम सजवले.

आधुनिक कलेत कोलाजाला स्थान मिळाले ते यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी. १९१२ मध्ये पाब्लो पिकासोने वेताच्या विणीची नक्षी छापलेले मेणकापड चित्रात चिकटवून त्याभोवती दोराची चौकट केली. त्याच वर्षी जॉर्ज ब्राकने लाकडाच्या रेषांची नक्षी असलेला भिंतीचा कागद चित्रात वापरला. पहिल्या महायुद्धानंतर बर्लिनमधील दादा चळवळीत हाना ह्योख हिने नियतकालिकांतील छायाचित्रांचे तुकडे जोडून समाजावर भाष्य करणारी चित्रे केली.

भारतातील परंपरा

राजस्थानातील नाथद्वारा येथे श्रीनाथजींच्या मूर्तीसमोर यात्रेकरू कुटुंब उभे असल्याचे चित्र काढून देण्याची प्रथा होती. अशा काही चित्रांत देह आणि वस्त्रे चित्रकार रंगवी, चेहरे मात्र छायाचित्रांतून कापून चिकटवलेले असत. हे चित्र यात्रेची आठवण म्हणून घरी नेले जाई.

राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाल्यानंतर देवदेवतांची रंगीत चित्रे घरोघरी पोहोचली. या छापील चित्रांतील देवतांना कापडाची वस्त्रे, जर आणि टिकल्या लावून सजवले जाई. अशी सजवलेली चित्रे आज संग्रहांत पाहावयास मिळतात.

अलीकडील काळात विवान सुंदरम (१९४३–२०२३) यांनी आपले आजोबा उमरावसिंग शेरगिल यांनी काढलेली कौटुंबिक छायाचित्रे संगणकावर एकत्र करून ‘रीटेक ऑफ अमृता’ ही मालिका केली. तीत त्यांची मावशी, चित्रकार अमृता शेरगिल, निरनिराळ्या काळांतील नातलगांसह एकाच चौकटीत दिसते.

साहित्य

पाया म्हणून जाड पुठ्ठा, प्लायवूड किंवा ताणलेले कॅनव्हास वापरतात. छायाचित्रांच्या प्रतींबरोबर जुनी लग्नपत्रिका, पोस्टकार्ड, तिकीट, हिशेबाच्या वहीचे पान, विरलेल्या साडीचा काठ किंवा बटण अशा वस्तू लावता येतात. छायाचित्रातील व्यक्तीशी संबंध असलेली वस्तू निवडल्यास चित्राला आशय मिळतो. केवळ जागा भरण्यासाठी लावलेल्या वस्तूंनी चेहरा झाकोळतो.

चिकटवण्यासाठी पांढरा गोंद किंवा गव्हाच्या पिठाची खळ चालते. खळीकडे कसर व झुरळे आकर्षित होतात. पुस्तकबांधणीत यासाठी खळीत मोरचूद घालत. ते विषारी असल्याने घरी, विशेषतः मुलांबरोबर काम करताना, वापरू नये.

कृती

प्रथम मूळ छायाचित्र स्कॅन केले जाते. इंचाला ६०० बिंदू या प्रमाणात स्कॅन करून ३०० बिंदूंनी छापल्यास प्रत मूळ आकाराच्या दुप्पट लांबी-रुंदीची मिळते. अनेक इंकजेट प्रतींची शाई ओल्या गोंदाने पसरते. लेझर मुद्रकाची किंवा झेरॉक्सची प्रत अधिक सोयीची असते.

सर्व तुकडे न चिकटवता मांडून पाहावेत व मांडणी ठरल्यावर तिचे छायाचित्र घ्यावे. आधी पार्श्वभूमीचा कागद, मग मोठे तुकडे, मग चेहरे आणि शेवटी कापड व धागा असा क्रम ठेवतात. ओला कागद फुगतो व वाळताना आकसतो. त्यामुळे गोंद पातळ व सारखा लावून मधून कडेकडे दाबत हवा काढावी लागते. एकाच बाजूस कागद लावल्यास पुठ्ठा वाकतो. मागील बाजूसही तसाच कागद चिकटवल्याने ताण समतोल होतो.

झेरॉक्सवरील प्रतिमा थेट पृष्ठभागावर उतरवता येते. पृष्ठभागावर ॲक्रिलिक माध्यमाचा थर देऊन प्रत त्यावर पालथी दाबतात. ती पूर्ण वाळल्यावर मागचा कागद ओला करून बोटाने चोळून काढतात. प्रतिमा उलटी उमटत असल्याने, अक्षरे असतील तर छापण्यापूर्वीच ती फिरवून घ्यावी लागते.

मूळ छायाचित्रांचे जतन

छायाचित्राच्या मागे अनेकदा नाव, तारीख, नाते किंवा स्टुडिओचा शिक्का असतो. छायाचित्र पुठ्ठ्यावर चिकटवले की ही माहिती दिसेनाशी होते आणि पुढील पिढीला त्यातील व्यक्ती ओळखण्याचे साधन उरत नाही. म्हणून मागील बाजूही स्कॅन करावी. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून कळलेली नावे प्रतीसोबत नोंदवणेही तितकेच महत्त्वाचे असते.

दमट हवेत छायाचित्रावरील जिलेटिनचा थर मऊ होऊन काचेला चिकटतो. असे छायाचित्र ओढून काढल्यास थर फाटतो. काचेसकट स्कॅन करणे सुरक्षित ठरते. वर्तमानपत्राचा कागद काही वर्षांत पिवळा व ठिसूळ होतो, म्हणून त्याचीही प्रत वापरतात. तयार चित्र काचेला टेकणार नाही अशा चौकटीत, थेट उन्हापासून आणि ओल येणाऱ्या भिंतीपासून दूर लावावे.

हे सुद्धा पहा

कोलाज
छायाचित्रण
दादावाद
राजा रविवर्मा
अमृता शेरगिल