धावण्याच्या बुटाची पारख : आरोग्य आणि अहिंसा

डांबरी रस्त्यावर धावताना प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन ते तीन पट भार पायावर येतो. तो सौम्य करण्यासाठी जाड, मऊ तळाचे बूट बनवले जातात. जैन कुटुंबात मात्र असा बूट निवडताना दोन प्रश्न विचारावे लागतात : हा पायांना मानवेल काय, आणि आपल्या आचाराला शोभेल काय?

उदाहरणादाखल अ‍ॅसिक्स कंपनीचा जेल-निंबस २५ हा बूट घेऊ. किहाचिरो ओनित्सुका यांनी १९४९ साली जपानमधील कोबे येथे सुरू केलेल्या उद्योगातून ही कंपनी उभी राहिली. २०२३ साली आलेल्या या बुटाच्या पुरुषांच्या आवृत्तीत टाचेखालील थर सुमारे ४१.५ मिलिमीटर, तर चवड्याखालील ३३.५ मिलिमीटर आहे. म्हणजे टाच चवड्यापेक्षा ८ मिलिमीटर उंच. वजन सुमारे २९० ग्रॅम असल्याने शर्यतीच्या वेगापेक्षा रोजच्या संथ सरावासाठी तो अधिक योग्य ठरतो.

मऊ तळाने दुखापत खरोखर टळते काय? लक्झेंबर्गमधील संशोधकांनी ८०० हून अधिक हौशी धावपटूंचा सहा महिने अभ्यास करून २०२० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. कडक तळाचे बूट घालणाऱ्यांत दुखापतीचा धोका अधिक आढळला, आणि हा फरक हलक्या वजनाच्या धावपटूंत विशेष स्पष्ट होता. भारी माणसालाच मऊ बुटाची गरज असते, या रूढ समजुतीला यामुळे छेद गेला. तरीही अंतर एकाएकी वाढवल्यास कोणताही बूट गुडघ्यांचे रक्षण करू शकत नाही.

दुसरा प्रश्न सामग्रीचा. या बुटाचा वरचा भाग विणलेल्या कापडाचा आहे. इतर बूट घेताना मात्र सावध राहावे, कारण स्वेड आणि नुबक हीसुद्धा चामड्याचीच रूपे आहेत. युरोपीय नियमांनुसार बुटावर छापल्या जाणाऱ्या चिन्हांत पसरलेल्या कातड्याची आकृती चामडे दर्शवते, जाळीची आकृती कापड, तर साधा चौकट-आकार अन्य सामग्री. कातड्याच्या आकृतीत चौकट असेल तर ते लेप दिलेले चामडे समजावे. ही चिन्हे वरचा भाग, अस्तर आणि तळ यांपुरतीच असतात. जोडणीच्या डिंकात प्राणिज घटक आहे काय, हे कंपनीला लेखी विचारणेच श्रेयस्कर.

ईर्यासमितीत चार हात जमीन पाहून चालण्याचा उपदेश आहे. तो मुख्यत्वे साधूंसाठी असला, तरी श्रावकालाही त्यातून विवेक घेता येतो. जाड तळामुळे पायाला जमिनीचा स्पर्श कमी कळतो, म्हणून डोळ्यांनी अधिक जागरूक राहावे लागते. सूर्योदयानंतर पुरेशा उजेडात, हिरवळ टाळून, स्वच्छ रस्त्यावर धावावे. पावसाळ्यात रस्त्यावर गांडुळे व मुंग्या दिसू लागल्या की गती कमी करावी किंवा व्यायाम घरीच करावा.

खरेदी शक्यतो सायंकाळी करावी, कारण तेव्हा पाय किंचित सुजलेले असतात. अंगठ्यापुढे साधारण बोटभर जागा असावी, टाच सरकू नये, आणि नेहमीचे मोजे घालून दुकानात दहा-वीस पावले धावून पाहावे. असे बूट साधारणतः ५०० ते ८०० किलोमीटर साथ देतात. आठवड्याला २० किलोमीटर धावणाऱ्यास एक जोड २५ ते ४० आठवडे पुरतो. तळ एका बाजूने झिजला किंवा दाबूनही पूर्ववत फुलेनासा झाला, की तो धावण्यातून काढून साध्या चालण्यासाठी वापरावा. जुना जोड वापरण्याजोगा असताना केवळ नवा रंग आला म्हणून दुसरा घेणे अपरिग्रहाला धरून होत नाही. पण झिजलेल्या तळावर गुडघे दुखवत धावणे हाही संयम नव्हे.