दुसरी संधी

आपल्याकडे क्रिकेट जसे आवडीने खेळले जाते, तसा अमेरिकेत बेसबॉल हा खेळ फार लोकप्रिय आहे. त्यात प्रत्येक संघाचे नऊ खेळाडू असतात. मैदानावर चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार ठाणी असतात; त्यांनाच 'बेस' म्हणतात. फलंदाज गोल दांडक्याने चेंडू टोलवतो आणि एकेक ठाणे गाठत मूळ ठाण्यावर परत येतो, तेव्हा एक धाव पुरी होते. तीन गडी बाद झाले की डाव संपतो. प्रत्येक संघाला सामन्यात असे नऊ डाव मिळतात.

अमेरिकेतील महाविद्यालयीन संघांची अजिंक्यपदाची स्पर्धा १९४७ साली सुरू झाली. पहिली दोन वर्षे ती कलामाझू येथे आणि १९४९ मध्ये विचिटा येथे भरली. १९५० साली ती मिझुरी नदीच्या काठी वसलेल्या ओमाहा शहरात आली. त्या वर्षी तेथे आठ संघ उतरले होते.

या स्पर्धेचा एक नियम लक्षात ठेवण्याजोगा आहे. एक सामना हरलेला संघ लगेच बाद होत नाही. त्याला आणखी एक संधी मिळते. मात्र त्या काळी दुसरा पराभव झाला की त्याला परत फिरावे लागे. उत्तम संघाचाही एखादा दिवस वाईट जातो. केवळ त्या एका दिवसावरून त्याची योग्यता ठरवू नये, हाच या नियमामागील हेतू होय.

१९५० साली या नियमाची खरी कसोटी लागली. आदल्या वर्षीचा विजेता टेक्सास विद्यापीठाचा संघ पहिल्याच सामन्यात रटगर्सच्या संघाकडून हरला. आता प्रत्येक सामना जिंकणे त्याला भागच होते. परंतु खेळाडूंनी धीर सोडला नाही. टफ्ट्सच्या संघाविरुद्ध जिम एर्लर या गोलंदाजाने तर अपूर्व पराक्रम केला. त्या सामन्यात प्रतिपक्षाच्या एकाही फलंदाजाला आपल्या टोल्याच्या बळावर ठाणे गाठता आले नाही. या स्पर्धेत असे प्रथमच घडत होते. अखेरच्या सामन्यात टेक्सासने वॉशिंग्टन स्टेटच्या संघावर ३-० असा विजय मिळविला आणि लागोपाठ दोनदा अजिंक्यपद पटकावणारा तो पहिला संघ ठरला.

ओमाहा शहराची कथाही काहीशी अशीच आहे. आरंभीची बरीच वर्षे या स्पर्धेत आर्थिक तोटाच सोसावा लागला. तरीही नागरिकांनी ती सोडून दिली नाही. २०१० पर्यंत ती जुन्या क्रीडांगणावर भरत असे. २०११ पासून त्याच शहरातील नव्या क्रीडांगणावर भरू लागली. पुढे ओमाहा आणि ही स्पर्धा यांची नावे एकत्रच घेतली जाऊ लागली.

दुसरी संधी देणे हे नियमाचे काम असते. तिचे सोने करणे मात्र खेळाडूच्या हाती असते. पहिल्या सामन्यात हरलेल्या टेक्सासच्या खेळाडूंना तिसरी संधी मिळणार नव्हती. हे ओळखूनच ते पुन्हा मैदानात उतरले.